नेव्हीच्या यार्डक्राफ्टवर सिव्हिलियन बोट क्रू म्हणून जावं का?

मित्रा, तुझा प्रश्न नीट वाचला. तू उरणचा, वय २१, जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या साध्या खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स झालाय, सीडीसी (खलाशाचं नोंदणी-पुस्तक) हातात आहे पण वर्ष होत आलं तरी जहाज मिळत नाहीये, अग्निवीरच्या भरतीत मेरिटमध्ये मागे पडलास. आता बेलापूरचा एक एजंट तीन लाख घेऊन नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट देतो म्हणतोय आणि घरचे म्हणतायत की नेव्हीच्या यार्डक्राफ्टवर, म्हणजे बंदरातल्या कामाच्या बोटींवर, सिव्हिलियन बोट क्रूची भरती निघते, तिचा फॉर्म भर, सरकारी आहे. तुझं म्हणणं असं की अंगावर युनिफॉर्म नाही, परदेश नाही, मग त्या नोकरीत फायदा काय. आणि शेवटी विचारलंयस की ब्रिटन-अमेरिकेत नेव्हीच्या टँकरवर सिव्हिलियन लोक जगभर फिरतात तसं आपल्याकडे आहे का.

मी मुंबईत याच कामाला लस्कर, म्हणजे बोटीवरचा साधा खलाशी, म्हणून लागलो आणि आज सारंग आहे, म्हणजे बोट माझ्या ताब्यात असते. त्यामुळे मर्चंट नेव्हीबद्दल मी सांगेन ते नात्यातल्या आणि गावातल्या पोरांकडे बघून, आणि यार्डक्राफ्टबद्दल सांगेन ते स्वतःच्या हातचं.

आधी तो परदेशाचा विषय संपवतो. ब्रिटनची रॉयल फ्लीट ऑक्झिलरी १९०५ पासून आहे, तिच्या टँकरवर आणि सप्लाय जहाजांवर सिव्हिलियन खलाशी असतात, अमेरिकेत मिलिटरी सीलिफ्ट कमांडकडे तसंच आहे. काम सोपं समजू नकोस, १९८२ च्या फॉकलंड युद्धात सर गॅलहॅड या ऑक्झिलरी जहाजावर बॉम्ब पडले तेव्हा त्यावर सिव्हिलियन क्रूसुद्धा होता. पण या नोकऱ्या मुख्यतः त्यांच्या त्यांच्या लोकांसाठी असतात, तुझ्या-माझ्यासाठी तो धरून चालण्यासारखा रस्ता नाही. आणि आपल्याकडे दीपक, शक्ती, ज्योती, आदित्य हे जे फ्लीट टँकर आहेत ते आयएनएस आहेत, त्यावर युनिफॉर्मवालेच असतात. म्हणजे नेव्हीबरोबर सिव्हिलियन म्हणून खोल समुद्रात महिनोन्‌महिने जायची सोय आपल्याकडे जवळपास नाही. माझगाव डॉकसारख्या शिपयार्डचे लोक नवीन जहाजाच्या सी ट्रायलला बाहेर जातात, पण ते फिटर, इलेक्ट्रिशियन, इंजिनियर म्हणून, आणि ट्रायल झाली की परत यार्डात. रोज पाण्यावर, बोटीचा माणूस म्हणून काम करायचं असेल तर आपल्याकडे ते यार्डक्राफ्टवर आहे: जहाजं ओढणारे-ढकलणारे टग, पाण्याचे आणि इंधनाचे बार्ज, दारूगोळ्याचे बार्ज, माणसं नेणाऱ्या फेरी बोटी.

मला वाटतं तुझ्या मनात दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र झालेत. एक, मला समुद्रावर जायचंय की समुद्राचं काम करायचंय. दोन, आत्ता हातात काहीच नाही तर पहिली पायरी कुठली. पहिल्याचं उत्तर तुझ्या स्वभावावर आणि घरच्या परिस्थितीवर आहे, ते मी देऊ शकत नाही. डोक्यावर कर्ज असेल, बहिणीचं लग्न असेल, दोन वर्षांत मोठी रक्कम उभी करायची असेल तर चांगल्या कंपनीचं फॉरेन गोइंग जहाज मिळाल्यास ते घे, यार्डक्राफ्टचा पगार त्याला पुरा पडणार नाही. नुसतं जग बघायचंय असेल तरी तेच. पण त्यात "चांगल्या कंपनीचं" आणि "मिळाल्यास" हे दोन शब्द मोठे आहेत हे तुला वर्षभरात कळलंच असेल.

आता पगार, कारण घरी तोच विचारतात. २०२५ च्या मार्चमध्ये जी बोट क्रूची जाहिरात आली त्यात ३२७ जागा होत्या, सारंगच्या ५७, लस्करच्या १९२, फायरमनच्या (आग विझवणारा नव्हे, बोटीच्या इंजिनकडचा माणूस) ७३ आणि टोपासच्या (सफाई कामगार) ५. लस्कर आणि फायरमन लेव्हल १ ला, म्हणजे बेसिक १८,००० पासून, सारंग लेव्हल ४ ला, २५,५०० पासून. बेसिकवर महागाई भत्ता, मुंबईत घरभाडे भत्ता ३० टक्के, प्रवास भत्ता, कपात जाऊन नव्या लस्करच्या हातात तीस हजारांच्या आसपास पडतात. मर्चंटचा ओएस, म्हणजे नवा खलाशी, चांगल्या जहाजावर याहून बराच जास्त घेतो हे खरं आहे. फक्त हिशोब करताना त्याच्या नऊ महिन्यांच्या पगाराला बाराने भाग, आणि पुढचं जहाज लांबलं तर पंधराने, अठराने भाग, कारण घरी बसलेल्या रेटिंगला बहुतेक कंपन्या काहीच देत नाहीत. आमच्याकडे पाऊस असो, बोट रिफिटला (मोठ्या दुरुस्तीला) असो, पगार महिन्याच्या शेवटी येतो. त्यावर बँक घराचं कर्ज देते, आईवडील सीजीएचएसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत, बसत असतील तर त्यांची औषधं होतात, आणि १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन स्कीमचा पर्याय आलाय, त्यात २५ वर्षं नोकरी झाली की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५० टक्के पेन्शन. २१ व्या वर्षी पेन्शन या शब्दात कोणालाच रस नसतो, मलाही नव्हता, पण आमच्या गावात परदेशी जहाजांवर आयुष्य काढून आलेली माणसं साठीनंतर कशावर जगतायत ते बघितलं की समजतं.

राहायची सोय म्हणशील तर कांजूरमार्गला नेव्हीची सिव्हिलियन कॉलनी आहे, नंबर लागला की क्वार्टर मिळतं आणि घरभाडे भत्ता बंद होतो. नंबर लागायला वेळ लागतो. तुझं घर उरणला आहे म्हणजे तुला ती घाई नाही, आता जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकलही आलीय. फक्त एक लक्षात ठेव, जाहिरातीत देशात कुठेही नेमणूक होऊ शकते असं लिहिलेलं असतं. पहिली नेमणूक विशाखापट्टणम किंवा अंदमानला निघाली तर जायची तयारी हवी.

पण या सगळ्यापेक्षा मला जो खरा फायदा वाटतो तो कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नसतो. युनिफॉर्मवाला नाविक दोन-तीन वर्षांनी बदलून जातो, आज मुंबई, उद्या कारवार, परवा कोची. जहाजाचे कॅप्टन तर अजून लवकर बदलतात. त्या बंदरात वर्षानुवर्षं टिकून राहतो तो बोट क्रू. म्हणजे मुंबईच्या पाण्याचं जे ज्ञान आहे, कुठल्या धक्क्याला ओहोटीला प्रवाह कसा ओढतो, नैर्ऋत्येचा वारा लागला की कुठे लाट उलटून येते, उधाणाला आणि भांगाला एकाच जागी किती फरक पडतो, ते सिव्हिलियन लोकांकडे साठत जातं आणि तिथून पुढच्याला मिळतं. मी नवीन असताना आमच्या टगवर एक म्हातारे सारंग होते, दाभोळकडचे. एका जहाजाची कोल्ड मूव्ह होती, म्हणजे जहाजाची स्वतःची इंजिनं बंद आणि फक्त टगनी ओढत-ढकलत एका धक्क्यावरून दुसरीकडे न्यायचं. टाइड टेबलप्रमाणे भरती संपायला अजून अर्धा तास होता, सगळे निवांत, आणि म्हातारा मला म्हणतो, "हॉजर (जहाजाचा जाड दोर) आत्ताच घे, भिंतीलगत पाणी आधी फिरतंय." मी पाण्याकडे बघितलं तर भिंतीपाशी कचरा खरंच उलट्या दिशेने सरकायला लागला होता. टेबल चुकलेलं नव्हतं, टेबल पाण्याच्या उंचीची वेळ सांगतं, काठालगत प्रवाह मात्र लवकर पलटतो. ही गोष्ट त्याने कुठल्या कोर्समध्ये शिकलेली नव्हती. आणि वॉकीटॉकीवर जहाजाच्या ब्रिजवरून पायलट, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा माणूस, जेव्हा विचारतो "सारंग, क्या बोलते हो," तेव्हा समोर खांद्यावर पट्ट्या असलेले चार अधिकारी उभे असले तरी उत्तर तुझ्याकडून यायचं असतं. या मानाची मला किंमत वाटते.

आणि लढाऊ जहाज हलवणं हे मालवाहू जहाज हलवण्यापेक्षा वेगळं काम आहे. मालवाहूचा पत्रा जाड, टग कुठेही टेकला तरी चालून जातं. लढाऊ जहाजाचा पत्रा पातळ, पुढे पाण्याखाली सोनार यंत्राचा (पाण्यातले आवाज टिपणाऱ्या) घुमट, बाजूला स्टॅबिलायझरचे पंख, मागे प्रोपेलर, त्यामुळे टगने कुठे टेकायचं त्याच्या खुणा ठरलेल्या असतात आणि त्या खुणेवरसुद्धा अलगद टेकायचं, धक्का न देता. माझगाव डॉकने बांधलेल्या विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ, सुरत या डिस्ट्रॉयर २०२१ ते २०२५ मध्ये नेव्हीत आल्या. असं नवीन जहाज पहिल्यांदा धक्क्याला घेताना सगळ्या टगवर जी शांतता असते ती अनुभवायला मिळणं हाही पगाराचाच भाग आहे असं मी समजतो.

दारूगोळ्याच्या बार्जबद्दल वेगळं लिहितो, कारण तू करंजाचं नाव घेतलंयस आणि उरणच्या माणसाला तिथला नेव्हीचा तळ रोज दिसतो. करंजाच्या आर्मामेंट डेपोतून जहाजापर्यंत माल बार्जने जातो. मस्तुलावर दिवसा लाल बावटा, रात्री लाल दिवा, आगीचे होज आधीच पसरून ठेवलेले, बिडी-काडी, मोबाइल काही नाही, वेग कमी, आणि बाकीच्या बोटींनी लांबून जायचं. बऱ्याच पोरांना हे काम म्हणजे नुसतं हळूहळू बार्ज नेणं वाटतं. त्यांना मी १४ एप्रिल १९४४ सांगतो. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज, एकाच जहाजात कापूस आणि स्फोटकं, आग लागली, आटोक्यात आली नाही, आणि मुंबईचा अर्धा बंदरपट्टा उडाला. अग्निशमन दलाची ६६ माणसं त्यात गेली, म्हणून तो दिवस आजही फायर सर्व्हिस डे म्हणून पाळतात. ज्याला नियमांचा कंटाळा येतो त्याने या बोटीवर येऊ नये. ज्याला शिस्तीत काम करायला आवडतं त्याच्यासाठी यासारखं शिक्षण नाही, आणि ही बार्जं आता आपल्याकडेच बांधली जातात, काही ठाण्याच्या एका छोट्या कंपनीने बांधलीत, म्हणजे नवीन मशिनरीवर हात बसतो.

पावसाळ्याचंही सांगतो. मांडव्याच्या साध्या बोटी मे अखेरीपासून बंद होतात, कोळीवाड्यात होड्या शाकारल्या जातात, आणि आमचं काम हवामान बघत बघत चालूच असतं, कारण डेपोत आणि जहाजांवर माणसं पोचवायचीच असतात. जुलैमध्ये गेटवेसमोर जी लाट असते त्यात बोट जेटीला लावून बायामाणसांना सुखरूप उतरवणं हे मला अजूनही टगच्या कामापेक्षा कठीण वाटतं. आणि धोका आपल्याच पाण्यात असतो. १८ डिसेंबर २०२४ ला इंजिन ट्रायल चालू असलेली नेव्हीची स्पीडबोट एलिफंटाला निघालेल्या नीलकमल फेरीवर आदळली, माणसं गेली, अगदी शहराच्या नजरेसमोर, स्वच्छ हवेत. त्यामुळे हार्बरचं काम म्हणजे किरकोळ काम असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस.

इथपर्यंतचं थोडक्यात: पैसा मध्यम पण अखंड, रात्री बहुतेक वेळा घरचं जेवण, म्हातारपणाची सोय, आणि एका बंदराचं असं ज्ञान जे दुसरीकडे मिळत नाही. आता दुसरी बाजू, ती लपवण्यात अर्थ नाही.

बढती सावकाश होते. लस्करचा सारंग व्हायला पात्रता लागते, जागा रिकामी व्हावी लागते, मधे दहा, वीस, तीस वर्षांनी एमएसीपी या सरकारी योजनेखाली पगाराची लेव्हल वाढते पण खुर्ची तीच राहते. तुझ्याहून लहान नाविक युनिफॉर्ममध्ये येऊन ऑर्डर देईल आणि तुला माजी सैनिकाचे फायदे मिळणार नाहीत, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही, मिलिटरी सर्व्हिस पे नाही. अग्निवीरला राहिलेल्या मुलांना हे पहिली दोन वर्षं फार लागतं, मी डोळ्यांनी बघितलंय, आणि काहीजण त्या कडवटपणातून बाहेरच येत नाहीत. तू स्वतःला हे आत्ताच विचार. युनिफॉर्म हवा होता की पाणी हवं होतं? पाणी हवं असेल तर त्रास होणार नाही. त्याच्या बदल्यात तुला कोर्ट मार्शल नाही, नोटीस देऊन राजीनामा देता येतो, युनियन आहे, मुलांची शाळा दर तीन वर्षांनी बदलावी लागत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट मी पोरांना परत परत सांगतो: यार्डक्राफ्टवरचा वेळ सीडीसीवर चढत नाही. ही बोट मर्चंट शिपिंगच्या कायद्याखाली नोंदलेली नसते. म्हणजे दहा वर्षं टगवर काढून मग म्हणशील की आता परदेशी जहाजावर एबी (अनुभवी खलाशी) म्हणून जातो, तर ते दार तोपर्यंत लागलेलं असेल, एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावर जायला लागणारे सुरक्षेचे, कोर्सही जुने झालेले असतील. उलट दिशेने मात्र रस्ता उघडा आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं.

२०२५ च्या जाहिरातीत लस्करसाठी दहावी, पोहता येणं आणि नोंदणीकृत जहाजावरचा एक वर्षाचा अनुभव मागितला होता. फायरमनला दहावी, पोहणं आणि प्री-सी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. वय १८ ते २५, आरक्षणाप्रमाणे सूट. म्हणजे फायरमनला तू तुझ्या जीपी रेटिंगवर आजही अर्ज करू शकतोस, पण लस्करला समुद्रावरचा एक वर्षाचा अनुभव हवा आणि तो तुझ्याकडे नाही. तू "कॉन्ट्रॅक्ट की सरकारी" असं विचारतोयस, पण कॉन्ट्रॅक्ट हीच सरकारीची पहिली पायरी आहे. पुढची भरती कधी येईल हे कोणाच्या हातात नाही आणि तुझ्याकडे साधारण चार वर्षं आहेत, त्यातलं एक वर्ष बोटीवर गेलं पाहिजे.

फक्त ते बेलापूरच्या एजंटकडून नको. तीन लाख तर अजिबात देऊ नकोस. खलाशाला नोकरी लावायचे पैसे घेणं नियमात बसत नाही, भारताने २०१५ मध्ये मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन मान्य केलंय त्यातही हेच आहे. त्याच्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरती करायचं सरकारी लायसन्स, आहे का विचार, नंबर घे, आणि डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या वेबसाइटवर तो नंबर चालू आहे का बघ. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर तिथून उठून ये, समोर बसलेला माणूस तुझ्या गावचा असला तरी. असे पैसे भरून गेलेली पोरं कुठल्यातरी मोडक्या जहाजावर पगाराविना अडकलेली मी ऐकून-पाहून आहे, आणि जहाज सोडून घरी यायला मालक तिकीट देत नाही तेव्हा घरचे दागिने जातात.

तू राहतोस कुठे ते बघ ना. शेवा तुझ्या घरापासून किती लांब आहे? तिथल्या जेएनपीए बंदरात रोज मोठी कंटेनर जहाजं धक्क्याला लागतात, त्यांना टग लागतात, मूरिंग बोटी लागतात, पायलट लाँच लागते, त्यातल्या बऱ्याच कंत्राटदारांच्या आहेत आणि त्यांना स्थानिक पोरं हवीच असतात. बॉम्बे हायच्या तेलविहिरींना सामान नेणाऱ्या सप्लाय बोटी आहेत, ड्रेजर आहेत, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो आहे. पगार सुरुवातीला कमी असेल, तरी पत्करून घे. शेवाच्या टगवर एक वर्ष केलंस तर ते काम यार्डक्राफ्टच्या इतकं जवळचं आहे की भरतीत निवड झाली तर पहिल्या दिवशी हिव्हिंग लाइन (आधी फेकायचा हलका दोर) कशी फेकायची हे तुला कोणी शिकवावं लागणार नाही.

अनुभव घेताना कागद जपायचे. बोट नोंदणीकृत आहे ना, तिचा रजिस्ट्रेशन नंबर काय, तुझी नेमणूक कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं मालकाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घे, आणि नोकरी सोडताना नाही तर नोकरीत असतानाच घे, नंतर फोन उचलत नाहीत. वडिलांच्या ट्रॉलरवरचा अनुभव चालेल का असं तू विचारलंयस, तर ते जाहिरातीत "नोंदणीकृत जहाज" याचा अर्थ कागदपत्र तपासणीला कसा घेतात त्यावर आहे, त्याच्यावर विसंबून राहू नकोस.

पुढे सारंग व्हायचं असेल तर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडून सारंगचं सर्टिफिकेट निघतं, त्याला लागणारा अनुभव आजपासून लिहून ठेव. माझ्या ओळखीत जी पोरं लस्करवर थांबली त्यातल्या बहुतेकांनी हे सर्टिफिकेट "नंतर बघू" म्हणून ठेवलं होतं.

पोहण्याबद्दल तू लिहिलंयस की "खाडीत पोहतो, येतं मला." खाडीत पोहणं आणि कपडे अंगावर असताना बोटीच्या कडेला पडून लाइफजॅकेट नीट चढवेपर्यंत तरंगत राहणं यात फरक आहे. उरणला किंवा नेरूळला जिथे जमेल तिथे तलावात जाऊन पोहण्याचा सराव कर, न थांबता लांब अंतर, आणि पाण्यात उभं राहून हात मोकळे ठेवायला शिक, कारण कामाच्या वेळी हातात दोर असतो. फायरमनचा अर्ज भरताना अडलास तर जाहिरातीतला तो परिच्छेद जसाच्या तसा इथे टाक, मी बघून सांगतो.